सोप्यातली शिंगं: भिंतीत खिळा ठोकण्याआधी कागद बघा

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं की माळ्यावरचं आणि भिंतीवरचं सामान खाली येतं. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या कित्येक घरांत या सामानात एक वस्तू निघते, ती म्हणजे काळपट लाकडी पाटीवर बसवलेली हरणाची शिंगं. सोप्यात दाराच्या वर ती वर्षानुवर्षं टांगलेली असतात. पूर्वी त्यांना टोप्या, पंचे, छत्र्या अडकवायचे. पणजोबांनी सांबर मारलं होतं, एवढीच माहिती घरात असते. मग नव्या हॉलमध्ये शोभून दिसतील म्हणून सुताराला नवी पाटी करायला सांगितली जाते, पॉलिशचा विचार होतो, पोरांनी फोटो काढून स्टेटसला टाकलेला असतो. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, ‘अहो, पण हे घरात ठेवलेलं चालतं का?’

या प्रश्नावर गल्लीत दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, ‘आपल्या आजोबांचं आहे, आपल्याला कोण विचारणार?’ दुसरा म्हणतो, ‘रात्रीत जाळून टाक, नाहीतर आत जाशील.’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्ही महागात पडू शकतात. खरं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: शिंग कुठल्या प्राण्याचं, ते घरात कधी आणि कसं आलं, आणि त्याचा कागद काय आहे. हे तिन्ही तपासल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकू नये. म्हणून एकेक मुद्दा क्रमानं बघू.

आधी शिंग ओळखा

मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. सांबर, चितळ, भेकर हे हरीणकुळातले प्राणी. यांची शिंगं फक्त नरालाच येतात, ती भरीव हाडाची असतात आणि ठरावीक काळानं गळून पडतात. त्या जागी नवी फुटतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यातून रक्तपुरवठा होतो. वाढ पूर्ण झाली की ती कातडी सुकते, नर ती झाडाला घासून काढतो आणि आतलं कडक हाड उघडं पडतं. सांबराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं असतात, शिंग जाडजूड आणि खरखरीत असतं, मोठ्या नराचं तीन फुटांच्या आसपास भरतं. चितळाचं शिंग त्यामानानं सडपातळ, गुळगुळीत आणि मागे जाऊन पुढे वळलेलं. भेकराचं अगदी आखूड.

काळवीट, चिंकारा, चौसिंगा, गवा यांचा प्रकार वेगळा. यांच्या शिंगाला फाटे नसतात. आत हाडाचा गाभा आणि त्यावर आपल्या नखासारख्या पदार्थाचं पोकळ आवरण असतं. ही शिंगं गळत नाहीत, जन्मभर राहतात. काळविटाचं पिळाचं शिंग कुणीही ओळखतं. त्यामुळे ‘काळविटाचं गळालेलं शिंग सापडलं’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकूनच ओळखावं की गोष्ट बनवलेली आहे. काळवीट मेल्याशिवाय त्याचं शिंग हातात येत नाही.

सांबर-चितळाच्या बाबतीतही शिंग गळालेलं की मारलेल्या जनावराचं, हे बघता क्षणी कळतं. गळालेल्या शिंगाचं बूड गोलसर, किंचित फुगीर असतं आणि दोन शिंगं सुटी असतात. दोन्ही शिंगं कवटीच्या तुकड्याला धरून जोडलेली असतील तर ते जनावर मेलेलं किंवा मारलेलं आहे. वाड्यातल्या पाटीवर बसवलेल्या जोड्या बहुतेक याच प्रकारच्या असतात. पाटीच्या मागे कवटीचा तुकडा स्क्रूनं घट्ट केलेला दिसेल.

गाई-म्हशीच्या शिंगाचा इथे प्रश्न येत नाही. ती पाळीव जनावरं आहेत, वन्यजीव कायदा त्यांना लागू होत नाही. पण गव्याचं शिंग म्हशीचं म्हणून खपवायचा प्रकार चालत नाही, कारण शंका आली की तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि डीएनएवरून प्राणी कळतो.

कायदा नक्की काय म्हणतो

देशभर लागू असलेला कायदा एकच आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. आपण बेळगावात असू, चंदगडात असू की वाळपई-सत्तरीत, कलमं तीच. बदलतो तो फक्त अधिकारी. इथल्या माणसासाठी मुख्य वन्यजीव रक्षक बेंगळूरूला बसतात, महाराष्ट्रात नागपूरला, गोव्याचे गोव्यात.

या कायद्यात ‘ट्रॉफी’ची व्याख्या फार रुंद आहे. भुसा भरलेलं डोकंच नव्हे, तर शिंग, हाड, नख, दात, केस, पीस हे सगळं त्यात येतं. म्हणजे नुसतं एक शिंग खुंटीला टांगलेलं असलं तरी कायद्याच्या भाषेत ती ट्रॉफीच.

कलम ३९ सांगतं की कायदा मोडून मारलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. त्याच्यापासून मिळालेल्या ट्रॉफीचंही तेच. अशी वस्तू कुणाच्या हाती आली तर त्यानं ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. लेखी परवानगीशिवाय ती ठेवता येत नाही, कुणाला देता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ‘जाळून टाक’ हा सल्ला का चुकीचा, ते यातच आलं. जाळणं हा पुरावा नाहीसा करण्याचा प्रकार होतो आणि आधीच्या अडचणीत आणखी एक भर पडते.

कलम ४० आणि ४२ नोंदणीबद्दल आहेत. कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे सर्वात वरच्या संरक्षणातल्या प्राण्यांच्या वस्तू आधीपासून होत्या, त्यांनी ३० दिवसांत त्या जाहीर करायच्या होत्या. चौकशी होऊन त्यांना मालकीचं प्रमाणपत्र मिळत असे. अनेकांनी ते केलं नाही. कुणाला माहीत नव्हतं, कुणाला गरज वाटली नाही. नंतर २००३ साली केंद्रानं शेवटची संधी दिली. १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवसांत जाहीर करा, अशी ती योजना होती. ती मुदत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली.

आता एक बारकावा, ज्यावरून गावात बरेच वाद होतात. नोंदणीची ही सक्ती प्रामुख्यानं पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी होती. काळवीट, चौसिंगा, चिंकारा, गवा त्यात येतात. सांबर आणि चितळ त्या वेळी तिसऱ्या अनुसूचीत होते. म्हणून काही लोक म्हणतात, ‘सांबराच्या जुन्या शिंगाला कागद लागतच नाही.’ हे अर्धं खरं आहे. पुढचा अर्धा भाग कलम ५७ मध्ये आहे. एखाद्याच्या ताब्यात ट्रॉफी सापडली हे खटल्यात सिद्ध झालं, की ती बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं. ती कायदेशीर आहे हे दाखवण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते. एरवी सरकारनं गुन्हा सिद्ध करायचा असतो, इथे आपणच आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं. सांबर १९७२ च्या आधी मारलं होतं, हे आज कशाच्या आधारावर सांगणार? मारणारा वारला, बघणारे वारले. हिशेबाच्या वहीत जशी व्हाउचर नसलेली नोंद ऑडिटर मान्य करत नाही, तसंच हे आहे. रक्कम खरी असेल, पण कागद नसेल तर ती अडकतेच.

२०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अनुसूच्या कमी झाल्या, त्यांतले प्राणी नव्यानं मांडले गेले आणि दंड वाढला. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. म्हणजे काळविटाच्या शिंगाची जोडी ही घरातली सजावट म्हणून फार महागडी वस्तू आहे.

‘आम्ही मारलं नाही, रानात सापडलं’

जंगलाकडेच्या गावांत हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आणि ते खरंही असू शकतं. नागरगाळी, लोंढा, जांबोटीच्या पट्ट्यात गुरं राखायला किंवा सरपणाला गेलेल्या माणसाला गळालेलं शिंग दिसू शकतं. कुणालाही मारलेलं नाही, मग उचललं तर बिघडलं कुठं?

इथे दुसरा कायदा लागू होतो. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये ‘वनोपज’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. जंगलात सापडलेली किंवा जंगलातून आणलेली जनावरांची कातडी, सुळे, शिंगं, हाडं त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. कर्नाटकच्या १९६३ च्या वन कायद्याचीही रीत तीच. म्हणजे गळालेलं शिंग हे रानातल्या सागाच्या ओंडक्यासारखंच सरकारी. भीमगड, म्हादई किंवा राधानगरीसारख्या अभयारण्यातून उचललं तर गोष्ट आणखी गंभीर, कारण अभयारण्यातून काहीही बाहेर न्यायला वेगळी परवानगी लागते.

यामागे कारणही आहे. गळालेलं शिंग रानात वाया जात नाही. साळिंदर आणि उंदीरवर्गातले प्राणी ते कुरतडतात, त्यातून त्यांना चुना म्हणजे कॅल्शियम मिळतं. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. गळालेल्या शिंगाला बाजार मिळाला, की मारलेल्या जनावराचं शिंगही ‘गळालेलं’ म्हणून विकलं जातं. साबरशिंग सहाणेवर उगाळून छातीला लावायची जुनी पद्धत आपल्याकडे होती, त्यामुळे मागणी आधीपासूनच आहे. त्यात घरसजावटीची भर पडली तर त्याची किंमत शेवटी रानातलं सांबरच मोजणार.

आजकाल मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. माणसं कुत्री घेऊन रानात जातात, गळालेली शिंगं गोळा करतात, त्यांचे दिवे आणि खुंट्या बनवतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत ठरावीक जागी, ठरावीक काळात ते चालतं. ते बघून आपल्याकडे कुणी तसं करायला गेलं तर थेट गुन्हा होतो. तिथला छंद इथं आणता येत नाही.

वाड्यात ही शिंगं आली कुठून

या भागात शिकारीचा इतिहास जुना आहे. संस्थानिक, इनामदार, देसाई, इंग्रज अधिकारी, नंतर कंत्राटदार अशा सगळ्यांनी शिकार केली. कोल्हापूर संस्थानात तर पाळलेले चित्ते काळविटांवर सोडून शिकार होत असे. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात त्या काळातली भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. शिकार झाली की डोकं किंवा कातडं भरून घ्यायला म्हैसूरला पाठवायची पद्धत होती. तिथली व्हॅन इंगेन ही त्या कामातली देशातली सर्वात नावाजलेली पेढी. १९०० च्या सुमारास सुरू झालेलं तिचं काम १९९९ मध्ये बंद झालं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्याकडच्या पाटीच्या मागे अशा पेढीचं लेबल, क्रमांक, तारीख किंवा जुनं बिल असेल तर ते खरवडू नका. जुना बंदुकीचा परवाना, शिकारीचा परवाना, लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी शिंगं, मृत्युपत्रातली किंवा वाटणीपत्रातली नोंद, हे सगळं वस्तूचं वय दाखवायला उपयोगी पडतं. हे मालकीचं प्रमाणपत्र नव्हे, पण कलम ५७ समोर उभं राहायचं तर हाच आधार. सुताराकडे पाटी देण्याआधी मागची बाजू नीट बघा आणि फोटो काढून ठेवा.

प्रमाणपत्र आहे, पण आजोबांच्या नावावर

ज्यांच्या घरी रीतसर मालकीचं प्रमाणपत्र आहे, त्यांनाही निवांत बसता येत नाही. ते प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, तो माणूस आज हयात आहे का? बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ असं येईल.

२००२ च्या दुरुस्तीनं नियम असा केला की ज्या वस्तूंना प्रमाणपत्र लागतं, त्या दुसऱ्या माणसाकडे फक्त वारसाहक्कानंच जाऊ शकतात. आणि वारसानं वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करायचं. मग चौकशी होऊन त्याच्या नावावर प्रमाणपत्र होतं. आपल्याकडे माणूस गेला की घराच्या उताऱ्यावर, बँकेच्या खात्यावर, गॅसच्या कनेक्शनवर नाव चढवायची धावपळ होते. भिंतीवरच्या शिंगांची आठवण कुणालाच होत नाही. ९० दिवस निघून जातात.

वाटणीत तर आणखी गुंता होतो. समजा तीन भावंडं आहेत. एक बेळगावात, एक कोल्हापुरात, बहीण मडगावात. काळविटाची शिंगं थोरल्यानं घ्यायची ठरली आणि धाकट्याला त्याबदल्यात पाच हजार द्यायचं ठरलं. घरातल्या घरात झालेला हा व्यवहार अगदी साधा वाटतो. पण कायदा प्रमाणपत्र असलेल्या वस्तूचीही विक्री किंवा पैशाच्या मोबदल्यातली देवाणघेवाण मान्य करत नाही. म्हणून वाटणीपत्रात अशा वस्तूला किंमत लावू नका, कुणाच्या वाट्यात तिची रक्कम धरू नका. जावयाला भेट, मित्राच्या वास्तुशांतीला आहेर, हेही चालत नाही. भेट म्हणजे वारसा नव्हे.

आणि राज्याची हद्द ओलांडली तर? आपल्याकडे बेळगावहून चंदगड किंवा सावंतवाडीला जाणं म्हणजे शेजारच्या गावाला जाण्यासारखं. पण प्रमाणपत्र असलेली वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली तर ३० दिवसांच्या आत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. घर बदलताना टेम्पोत कपाटाशेजारी शिंगं टाकून शिनोळीचा नाका पार करणाऱ्याकडे मूळ प्रमाणपत्र बरोबर असलंच पाहिजे. नाक्यावर गाडी थांबली तर ‘घरचंच आहे’ एवढ्यावर भागत नाही.

कागदच नाही, आता काय

सर्वात जास्त घरं याच गटात येणार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कन्नड टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखामुळे अटक झाली, तेव्हा कर्नाटकात एकच खळबळ उडाली. घराघरांतल्या नखांची, शिंगांची, कातड्यांची चर्चा सुरू झाली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं अशा वस्तू परत करायला तीन महिन्यांची मुदत दिली. ती मुदत केव्हाच उलटून गेली. त्यामुळे आज कुणी ‘सरकारची योजना आहे, देऊन टाका, काही होत नाही’ असं सांगत असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन चालू आदेश कुठला आहे ते लेखी बघा.

प्रमाणपत्र असलेल्यांसाठी मात्र वाट सोपी झाली आहे. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ४२-अ आलं. प्रमाणपत्रधारकाला वस्तू ठेवायची नसेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन ती सरकारजमा करता येते. भरपाई मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं, पण पुढच्या पिढीच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

प्रमाणपत्र नसलेल्यांनी पुढच्या क्रमानं जाणं शहाणपणाचं ठरेल.

पहिलं, वस्तू आहे तिथेच राहू द्या. लपवू नका, गावी पाठवू नका, जाळू नका, विकू नका. भंगारवाला किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी चांगली किंमत देतो म्हणाला तर तोच सर्वात मोठा धोका समजा.

दुसरं, वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि घरातले जुने कागद गोळा करा. फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

तिसरं, वन्यजीव कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला भेटा. जमीन-जुमल्याचे खटले चालवणारा घरचा वकील चांगला असतोच, पण हा विषय वेगळा आहे. वस्तू स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणारच नाही असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. म्हणून अर्जाची भाषा महत्त्वाची.

चौथं, वकिलाच्या सल्ल्यानं परिक्षेत्र वन अधिकारी किंवा उपवनसंरक्षक यांच्याकडे लेखी अर्ज द्या. वस्तू काय, घरात कधीपासून, कुणाकडून आली, कुठले पुरावे जोडले, हे स्पष्ट लिहा. आपल्याकडे अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत केला की फाइल पुढे सरकताना भाषेवरून अडत नाही. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. वस्तू ताब्यात घेतली तर पंचनाम्याची प्रत मागा. ही प्रत घराच्या कागदपत्रांत जपून ठेवा.

स्वतःहून गेलेला माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते, हे कुठल्याही खात्यात खरं आहे.

कागद पक्का असेल तर लावायची कशी

ज्यांचं प्रमाणपत्र स्वतःच्या नावावर आणि चालू आहे, त्यांनी शिंगं जरूर लावावीत. त्यासाठी थोडी काळजी.

प्रमाणपत्रात वस्तूचं वर्णन, माप आणि असल्यास ओळखचिन्ह दिलेलं असतं. वस्तू त्याच्याशी जुळली पाहिजे. म्हणून शिंगाला भोक पाडू नका, टोक कापून मूठ किंवा खुंटी करू नका, सरकारी शिक्क्यावर पॉलिश मारू नका. जुनी पाटी किडली असेल तर फक्त पाटी बदला आणि कवटीच्या तुकड्यात आधीची जी भोकं आहेत त्यातूनच स्क्रू घ्या. डोकं भरलेलं असेल आणि त्याची दुरुस्ती करायची असेल तर ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. त्या धंद्यालाही परवाना लागतो.

सांबराची जोडी पाटीसकट चांगली जड भरते. मातीच्या जुन्या भिंतीत साधा खिळा काही वर्षांनी सैल होतो. जांभ्याच्या भिंतीत चिऱ्याच्या मधोमध भोक घ्या, सांध्यात घेऊ नका. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर पोकळ भिंतीसाठी मिळणारे फास्टनर वापरा. एका खिळ्यावर टांगण्यापेक्षा दोन ठिकाणी स्क्रू घेतले तर पाटी तिरकी होत नाही. उंची अशी ठेवा की सर्वात खालचं टोकही उंच माणसाच्या डोक्याच्या वर राहील. सोफ्याच्या मागे लावलं तर उठताना टोक डोळ्याला लागू शकतं.

आपल्याकडचा पावसाळा या वस्तूंचा मुख्य शत्रू. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, बुरशी धरते. थेट ऊन येणारी जागाही नको, हाडाला चिरा जातात. साफसफाईला मऊ ब्रश पुरे. फारच मळ असेल तर फडकं किंचित ओलं करून पुसा आणि लगेच कोरडं करा. साबण, ब्लीच, तेल, वॉर्निश काही लावू नका. ब्लीचनं शिंग पांढरं दिसतं खरं, पण आतून ठिसूळ होतं. हरणाच्या हाडाच्या शिंगाला सहसा कीड लागत नाही, पण काळवीट-गव्याच्या शिंगाचं आवरण आणि भरलेल्या डोक्याची कातडी कसर खाते. खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर लक्ष द्या.

भरलेल्या डोक्याबाबत एक इशारा महत्त्वाचा. जुन्या काळी कातडी टिकवायला आर्सेनिक घातलेला साबण वापरला जात असे. ते विष कातडीत वर्षानुवर्षं राहतं. म्हणून अशा डोक्यावर केरसुणी मारू नका, हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा, पोरांना हात लावू देऊ नका.

शेवटी, प्रमाणपत्राची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पाटीच्या मागेच चिकटवून ठेवा. मूळ प्रत घराच्या कागदांत. आणि घरातल्या दोघा-तिघांना ती कुठे आहे ते सांगून ठेवा, म्हणजे ९० दिवसांचा हिशेब चुकणार नाही.

आणि नुसती हौसच असेल तर

ज्यांच्याकडे काही नाही पण हॉलमध्ये शिंगं हवीत, त्यांनी खरी घ्यायचा विचारही करू नये. विकत घेणं, कुणाकडून घेणं, रानातून उचलणं, तिन्ही वाटा बंद आहेत. लाकडाची, फायबरची, राळेची बनवलेली शिंगं मिळतात आणि लांबून फरक कळत नाही. सावंतवाडीकडे लाकडावर काम करणारे हात आहेत, खानापूरला मातीचं काम करणारे आहेत, सांगितलं तर करून देतील. बिल मात्र घ्या आणि जपून ठेवा. हुबेहूब वस्तू बघून कुणी तक्रार केली तर ते बिल दाखवायला लागेल.

ज्यांच्या सोप्यात खरी शिंगं आहेत त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं: पाटी खाली घेऊन मागची बाजू बघावी, आणि घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून ती कुठून आली ते नाव, गाव, सालासकट लिहून घ्यावं. त्यावर त्यांची सही घ्यावी. आज सांगणारं माणूस घरात आहे. उद्या अधिकाऱ्यानं विचारलं तर सांगायला ते असेलच असं नाही.